छायाचित्रांना परिशिष्टात ढकलू नका

आपल्या विद्यापीठांतल्या समाजशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या प्रबंधांची शेवटची पाने उघडून पाहा. प्रश्नावली, संदर्भसूची आणि त्यांच्याही मागे गुळगुळीत कागदावर चार-सहा रंगीत फोटो, असाच मामला बहुतेक ठिकाणी दिसेल. खालच्या ओळीही ठरलेल्या: ‘उत्तरदात्याची मुलाखत घेताना संशोधक’, ‘बचत गटाच्या महिलांसमवेत संशोधक’, ‘गावाचे प्रवेशद्वार’. मजकुरात या फोटोंचा कुठेही उल्लेख नसतो. ते फाडून टाकले तरी निष्कर्षातला एक शब्द बदलत नाही. संशोधक खरोखर गावात गेला होता, एवढ्याच एका गोष्टीची ते साक्ष देतात.

ही प्रथा मोडू पाहणारे विद्यार्थी आता तुरळक का होईना, दिसू लागले आहेत. लोकांनी स्वतः काढलेले फोटो, जमिनीवर रांगोळीने आखलेले गावाचे नकाशे, घरातले जुने अल्बम हीच त्यांच्या अभ्यासाची मूळ माहिती असते आणि ती त्यांना प्रकरणांच्या मधोमध हवी असते. त्यांना मिळणारी उत्तरे मात्र साचेबंद आहेत. ही तर पत्रकारिता झाली. फोटो काय, हवा तसा काढता येतो. दहा फोटोंवरून सामान्य विधान कसे करणार? आणि अलीकडे जोर धरलेला आक्षेप असा की, गरिबांचे फोटो काढणे हेच मुळात अनैतिक आहे.

हे बोलणारी माणसे उथळ नाहीत. त्यांतल्या अनेकांनी हयातभर गावे पालथी घातली आहेत. म्हणूनच त्यांना एकेका मुद्द्यावर उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे थोडक्यात असे: दृश्य पद्धतीचे सामर्थ्य फोटोत कमी आणि फोटो समोर ठेवून होणाऱ्या बोलण्यात जास्त असते. ज्याच्या आयुष्याचे ते दृश्य आहे, त्यालाच तिथे अर्थ सांगण्याचा पहिला मान मिळतो. फोटो परिशिष्टात ढकलले की हा मानही परिशिष्टात जातो.

पहिला आक्षेप निवडीचा. कॅमेरा कुठे रोखायचा हे काढणारा ठरवतो, चौकटीबाहेर बरेच काही राहून जाते, म्हणून फोटो व्यक्तिनिष्ठ. खरे आहे. पण मग मुलाखतीचे काय? कोणाच्या ओट्यावर बसायचे, सुनेला सासूसमोर विचारायचे की ती पाण्याला निघाल्यावर वाटेत, कोणता प्रश्न आधी आणि कोणता नंतर, हे सगळे संशोधकच ठरवतो. बोलणे कागदावर उतरताना मधले थांबणे, दाराकडे वळलेली नजर, आवाजातला कंप गळून जातो. अहिराणीतले किंवा वऱ्हाडीतले उत्तर प्रमाण मराठीत येते, प्रबंध इंग्रजी असेल तर तिथून पुढे इंग्रजीत जाते. शेवटी दोन तासांच्या बोलण्यातल्या तीन ओळी अवतरणचिन्हांत छापल्या जातात. इतक्या चाळण्यांतून गेलेल्या ओळी ‘माहिती’ ठरतात आणि फोटो तेवढा ‘हवा तसा काढलेला’ ठरतो. निवडीची कसोटी लावायची असेल तर ती दोघांनाही लावा.

मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञांनी १९३६ ते १९३९ या काळात बाली बेटावर काम केले. बेटसन यांनी सुमारे पंचवीस हजार फोटो काढले. १९४२ साली त्यांचे पुस्तक आले तेव्हा त्यात फक्त ७५९ फोटो होते. निवड झाली, आणि ती मोठी होती. पण एकीकडे मीड वहीत वेळेनिशी टिपणे ठेवत होत्या, दुसरीकडे बेटसन फोटो घेत होते आणि पुढे या दोन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येत होत्या. त्यांच्या निष्कर्षांवर नंतर पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्तच होती. तरी ती करताना टीकाकारांच्या हाती फोटो होते, क्रम होता, नोंदी होत्या. आपल्याकडच्या किती मुलाखतींबद्दल असे सांगता येईल? किती तास बोलणे झाले, त्यातले किती छापले आणि उरलेले कोणत्या निकषावर वगळले, हे लिहिणारा प्रबंध मोठ्या मुश्किलीने सापडतो.

दुसरा आक्षेप, ही पत्रकारिता आहे. या आक्षेपामागे एक समजूत दडलेली आहे: समाजशास्त्र शब्दांचे आणि आकड्यांचे, फोटो वर्तमानपत्राचा. इतिहास वेगळेच सांगतो. ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’ या अमेरिकेतल्या अग्रगण्य नियतकालिकात १८९६ ते १९१६ या वीस वर्षांत एकतीस लेख छायाचित्रांसह छापले गेले. पुढे विषयाला ‘शास्त्र’ म्हणून मान्यता मिळवण्याची ओढ लागली, आकडेवारीचे वजन वाढले आणि फोटो बाहेर गेले. फोटोंची कसून परीक्षा झाली आणि ते नापास ठरले, असे काही घडले नव्हते. प्रतिष्ठेच्या हिशोबात ते मागे पडले, एवढेच. त्या हिशोबाला आज आपण शास्त्राचा नियम समजून बसलो आहोत.

परीक्षा म्हणावी अशी गोष्ट पुढे झाली. जॉन कॉलियर हे छायाचित्रकार. महामंदीच्या काळात अमेरिकी ग्रामीण जीवनाचे चित्रण करणाऱ्या सरकारी विभागात त्यांनी उमेदवारी केली होती. १९५० च्या दशकात कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याकडच्या प्रांतांत मानसिक आरोग्य आणि समाजातले बदल यांचा मोठा अभ्यास चालू होता. घरांचा दर्जा कसा ठरवायचा यावर संशोधकांचेच एकमत होईना. तेव्हा कॉलियर यांनी फोटोंचा आधार घेण्याचे सुचवले. पुढे काही मुलाखती फोटो समोर ठेवून आणि काही फोटोंशिवाय घेतल्या गेल्या आणि दोन्हींची तुलना झाली. १९५७ साली त्यांनी जे मांडले ते असे: फोटो समोर असताना बोलणे अधिक नेमके आणि तपशीलवार होते, भरकटत नाही आणि पुन्हा पुन्हा मुलाखत घेताना येणारा कंटाळाही कमी होतो. फोटोंशिवायच्या मुलाखती सैल होत्या, मनाच्या लहरीने वाहणाऱ्या होत्या. दोन पद्धती शेजारी ठेवून काढलेला हा निष्कर्ष आहे. याला पत्रकारिता कसे म्हणणार?

असे का घडते, हे प्रत्यक्ष मुलाखत घेणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. समोरासमोरच्या मुलाखतीत माणूस प्रश्नाच्या कचाट्यात असतो. आपली परीक्षा चालली आहे, चुकीचे उत्तर जाईल, ही धास्ती त्याच्या चेहऱ्यावर दिसते. मध्ये फोटो आला की दोघांचीही नजर त्यावर जाते. आता माहीतगार तो असतो आणि संशोधक ऐकणारा. ‘ही कोण?’ या साध्या प्रश्नाला ‘ही माझी थोरली जाऊ, आता आमच्यात बोलणं नाही’ असे उत्तर येऊ शकते. ‘तुमच्या कुटुंबात वाद आहेत का?’ या प्रश्नाला ते कधीच आले नसते.

यावर असे म्हटले जाते की, फोटो वरवरचेच दाखवतो, आतले काय कळणार? समाजशास्त्रज्ञ डग्लस हार्पर यांचे १९८७ चे पुस्तक हे याचे चांगले उत्तर आहे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात विली नावाचा एक कारागीर छोटेसे वर्कशॉप चालवत असे. मोटारी, ट्रॅक्टर, अवजारे, जे मोडेल ते तो दुरुस्त करी आणि भंगारातून नवे घडवी. हार्पर यांनी त्याच्या कामाचे टप्प्याटप्प्याने फोटो काढले आणि ते समोर ठेवून त्यालाच बोलते केले. धातू हाताला कसा लागतो, यंत्राचा आवाज कधी बदलतो, कोणता सुटा भाग कारखान्यातच चुकीचा घडवला गेला आहे, हे ज्ञान त्याच्या बोटांत होते. आपल्याकडच्या लोहाराला, सुताराला किंवा गवंड्याला ‘हे तुम्ही कसे करता?’ असे विचारून पाहा. ‘सवयीनं येतं’ यापलीकडे उत्तर मिळणार नाही, कारण प्रश्नच हवेत आहे. पण ऐरणीवर तापलेला फाळ आणि त्यावर तिरका धरलेला हातोडा एवढेच दिसणारा फोटो समोर ठेवला, तर हातोडा तिरका का, लोखंडाचा रंग कोणता असताना घाव घालायचा, मागे भाता ओढणारी बायको कोणत्या खुणेवर थांबते, हे सगळे निघू लागते. आतले बाहेर येण्यासाठी बोलणाऱ्याला बोट ठेवायला जागा लागते.

हार्पर यांच्या दुसऱ्या एका अभ्यासातली गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते, कारण ती अपयशाची आहे. दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी त्यांच्याच रोजच्या कामाचे फोटो दाखवले. शेतकऱ्यांना त्यात सांगण्यासारखे काही वाटेना. रोज पाहतो तेच कागदावर. मग हार्पर यांनी विमानातून घेतलेली शेतांची छायाचित्रे आणि जुन्या काळातल्या शेतीचे फोटो आणले. तेव्हा बोलणे सुरू झाले: एकमेकांच्या शेतावर जाऊन काम करण्याची पद्धत कशी मोडली, कोणाची जमीन कोणी घेतली, यंत्रे आल्यावर शेजार कसा विरला. म्हणजे कोणताही फोटो दाखवून काम भागत नाही. ओळखीच्या गोष्टीकडे अनोळखी कोनातून पाहायला लावणारा फोटो निवडावा लागतो. या निवडीलाच पद्धत म्हणतात, आणि जिथे पद्धत आहे तिथे ती शिकवता येते, तिच्यात चूक होऊ शकते आणि ती तपासता येते.

आता सामान्यीकरणाचा मुद्दा. दहा फोटोंवरून सगळ्या महाराष्ट्राबद्दल बोलता येणार नाही, हे उघड आहे. पण तीस मुलाखतींवरूनही येत नाही. गुणात्मक संशोधन किती जणांना काय वाटते हे मोजण्यासाठी नसते, जे घडते ते कसे आणि का घडते हे उलगडण्यासाठी असते. मुलाखतीवर आधारलेल्या प्रबंधाला हे आपण मान्य करतो आणि फोटो आले की एकदम टक्केवारी मागतो. हा न्याय नव्हे.

यापुढचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्या देशात कॅमेरा माणसांच्या अभ्यासासाठी आला तो राज्यकर्त्यांच्या हातून. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड निघाले. जातीजमातींचे नमुने म्हणून माणसे उभी केलेली आणि सोबतच्या मजकुरात कोण राजनिष्ठ, कोण लबाड याचे शेरे. अंदमानात मॉरिस व्हिडाल पोर्टमन या अधिकाऱ्याने तिथल्या आदिवासींना चौकड्यांच्या पडद्यापुढे उभे करून फोटो काढले, शरीराची मापे घेता यावीत म्हणून. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्या आजच्या पिढ्यांना कोणत्याही सरकारी नोंदीची आणि कॅमेऱ्याची धास्ती वाटली तर तिला अडाणीपणा म्हणू नये. ती अनुभवातून आलेली आहे.

हा इतिहास मला पूर्ण मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. त्याच काळात आणि नंतरही जातीजमातींवर जे जाडजूड ग्रंथ आणि गॅझेटियर निघाले, त्यांत फोटो नसलेलेही भरपूर होते. अपमान त्यांतही होता, वर्गवारी त्यांतही होती आणि तिचे परिणाम लोकांनी भोगले. म्हणून कोणी समाजशास्त्रातून गद्य हद्दपार करा असे म्हणत नाही. दोष होता तो एकतर्फी अधिकाराचा: पाहणारा एक, पाहिला जाणारा दुसरा, आणि अर्थ सांगण्याचा हक्क फक्त पहिल्याला. तो दोष तसाच ठेवून नुसता कॅमेरा बाहेर काढणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इथे एक फोटो जवळून पाहण्यासारखा आहे. एडवर्ड कर्टिस यांनी उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे हजारो फोटो काढले. १९१० साली पीगन जमातीच्या एका तंबूत त्यांनी लिटल प्लूम आणि यलो किडनी या दोन पुरुषांना टिपले. दोघांच्या मध्ये एक छोटे घड्याळ होते. पुस्तकासाठी छापताना ते घड्याळ पुसून टाकण्यात आले. ‘अस्सल’ आदिवासीच्या घरात घड्याळ असणे कर्टिस यांच्या कल्पनेत बसत नव्हते. कॅमेरा कसा खोटे बोलतो याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात. पण हे आपल्याला कळले कसे? मूळ फोटोत ते घड्याळ शाबूत राहिले म्हणून. आज तो अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे आणि छापील प्रतीशेजारी ठेवून पाहता येतो. फोटो काढणाऱ्याला नको असलेली वस्तूही फोटोत आली आणि त्याच्याविरुद्ध साक्ष देत राहिली. एखाद्या लेखकाने वर्णनातून घड्याळ गाळले असते तर मागे काय उरले असते? काहीही नाही. शब्द लेखकाला सुचतात तेवढेच येतात. फोटोत त्याच्या नकळत कोपरे येतात, भांडी येतात, सावल्या येतात, आणि पुढचा अभ्यासक त्यांच्या आधारे आधीच्याला खोटे पाडू शकतो. मूळ फोटो जपलेले असतील तर खोटे पकडण्याची ही सोय दृश्य सामग्रीत लेखी वर्णनापेक्षा अधिक आहे. शास्त्राला यापेक्षा वेगळे काय हवे असते?

दुसरे उदाहरण त्याहून प्रसिद्ध आहे. १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे शेतमजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका आईचा तिच्या मुलांसह फोटो काढला. महामंदीचा चेहरा म्हणून तो जगभर गाजला. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते, तिची हकीकतही नाही. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, चेरोकी वंशाची, हे १९७८ साली लोकांसमोर आले. हा फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते, अशी तिची भावना होती. बेचाळीस वर्षे तिच्या चेहऱ्यावर जग बोलत होते आणि ती एकटी गप्प होती. ‘गरिबांचे फोटो काढणे अनैतिक’ म्हणणाऱ्यांच्या मनात अशीच उदाहरणे असतात. पण यातला अन्याय फोटोनंतरच्या अबोल्यात आहे, आणि दृश्य पद्धती त्या अबोल्यावरच इलाज करू पाहते.

तो इलाज कसा दिसतो? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी ६२ ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. आपल्या रोजच्या जगण्यातले जे महत्त्वाचे वाटेल ते टिपा, म्हणाल्या. मग त्या फोटोंभोवती गटात बोलणे झाले: इथे काय दिसते, खरे काय चालले आहे, याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे असे का आहे, आपण काय करू शकतो. एका फोटोत बाई शेतात खुरपत होती आणि तिचे तान्हे मूल दूर एकटे पडलेले होते. बाहेरच्या छायाचित्रकाराने यात मातृत्वाचे हृद्य दृश्य पाहिले असते. गावातल्या बायकांनी यात पाहिले ते हे की, कामाच्या वेळी मूल सांभाळायला कोणी नाही. या बोलण्यात स्थानिक अधिकारीही सामील होते आणि पुढे पाळणाघरे, सुईणींचे प्रशिक्षण, मुलींच्या शिक्षणाला मदत असे उपाय झाले. या पद्धतीला पुढे फोटोव्हॉइस नाव पडले. प्रश्नावलीत ‘आपल्या गावातील प्रमुख समस्या कोणत्या?’ हा प्रश्न असतोच. त्याला ‘पाणी, रस्ता, वीज’ हे उत्तर ठरलेले असते, कारण ते पुढाऱ्यांच्या भाषणातून आधीच तोंडी बसलेले असते. रानात एकट्या पडलेल्या मुलाला त्या यादीत जागा नसते.

नकाशांची गोष्ट तर आपल्या मातीतली आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पीआरए (पार्टिसिपेटरी रूरल अप्रेझल, म्हणजे लोकसहभागातून गावाची पाहणी) म्हणून ओळखली गेलेली पद्धत भारतात रुजली ती मायराडा आणि आगाखान ग्रामविकास कार्यक्रम यांसारख्या संस्थांच्या कामातून. रॉबर्ट चेंबर्स यांनी ती जगापुढे मांडली. महाराष्ट्रात पाणलोटाचे काम केलेल्या कोणालाही शिवार फेरी आणि गाव नकाशा नवा नाही. चावडीसमोर रांगोळी, चुना, खडे, बिया घेऊन माणसे बसतात आणि गाव जमिनीवर उतरते. पुरुषांनी काढलेल्या नकाशात रस्ता, ग्रामपंचायत, देऊळ, बांध ठळक येतात. बायकांना वेगळा नकाशा काढायला सांगितले की पाण्याच्या वाटा, सरपणाचे रान, आडोशाची जागा आणि अंधार पडल्यावर जिथून जायचे नाही ती पाणंद येते. दलित वस्तीतल्यांनी काढलेल्या नकाशात गाव कुठे सुरू होते आणि आपण कुठे, ही रेघ येते. त्या दोन-तीन नकाशांमधला फरक हाच अभ्यासाचा विषय. एका मुलाखतीत तो कोणी असा मांडून दाखवत नाही.

वरून घेतलेल्या चित्रात आणि खालून आखलेल्या नकाशात झगडा होतो तेव्हा काय पणाला लागते, हे वनहक्कांच्या दाव्यांत दिसले. दावेदार आपल्या कसणुकीचा नजरी नकाशा देतात, जाणती माणसे झाड, नाला, देवाची जागा दाखवून साक्ष देतात. दुसऱ्या बाजूला कार्यालयात उपग्रहाचे छायाचित्र असते आणि त्यात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला जातो. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली आणि त्यात स्पष्ट केले गेले की, उपग्रह चित्रे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतील, त्यांची जागा घेऊ शकणार नाहीत. या तरतुदीत दृश्य पद्धतीचे सगळे सार आहे. उंचावरून काढलेले, तंत्राने निर्दोष असलेले चित्रही तिथे राहणाऱ्या माणसाच्या सांगण्याशी ताडल्याशिवाय पुरावा म्हणून पुरे पडत नाही. कायद्याच्या नियमाने मानलेली ही गोष्ट संशोधन पद्धतीच्या वर्गात अजून नीट शिकवली जात नाही.

संमतीबद्दल मात्र कसलीही सूट नको. फोटो काढायची परवानगी, तो अभ्यासात वापरायची परवानगी आणि तो छापायची किंवा भिंतीवर लावायची परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी, फोटो समोर ठेवून विचारल्या पाहिजेत. कोऱ्या फॉर्मवर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. मुलांच्या बाबतीत कायदाच कडक आहे: २०१५ चा बालन्याय अधिनियम आणि २०१२ चा पॉक्सो या दोन्हींत पीडित मुलांची ओळख उघड करण्यावर बंदी आहे. पण याच्या उलट टोकालाही अन्याय होतो. ‘नैतिकता’ म्हणून सरसकट सगळ्यांचे चेहरे धूसर केले जातात. आपल्याकडे चेहरा झाकून दाखवतात तो आरोपीचा. आपल्या शेतात, आपल्या पिकाबरोबर ताठ उभ्या राहिलेल्या बाईचा चेहरा पुसताना तिला विचारले होते का? अनेकांना आपला चेहरा आणि आपले नाव दिसायला हवे असते. सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तिथे ते नाकारणे म्हणजे संशोधकाची सोय पाहणे.

आता आमच्या बाजूच्या लोकांना दोन शब्द सुनावले नाहीत तर हा लेख एकांगी होईल. दृश्य पद्धतीच्या नावाखाली जे चालते त्यातले बरेच पद्धत या नावाला पात्र नाही. वस्तीत मोबाइल वाटायचे, आठवड्याने फोटो गोळा करायचे, शहरातल्या दालनात प्रदर्शन मांडायचे, उद्घाटनाला पाहुणा बोलवायचा आणि अहवालात ‘लोकांना आवाज दिला’ असे लिहायचे. लोकांना आवाज होताच. फोटोंवर त्यांच्याशी सविस्तर बोलणे झाले नसेल, ते बोलणे ध्वनिमुद्रित झाले नसेल, कोणता फोटो निवडायचा हे त्यांनी ठरवले नसेल आणि संशोधकाच्या गृहीतकाला छेद देणारे फोटो बाजूला सारले असतील, तर त्या कामाला संशोधन म्हणू नये. आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत देणारे हेच लोक आहेत.

तेव्हा मागणी स्पष्ट करतो. प्रबंधात येणाऱ्या प्रत्येक फोटोसोबत तो कोणी, कुठे, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून काढला याची नोंद असावी. चित्रातल्या किंवा चित्र काढणाऱ्या माणसाने त्यावर काय म्हटले ते त्याच्याच बोलीत, फोटोच्या शेजारी छापावे. एकूण किती फोटो जमले आणि त्यातले किती का घेतले, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहावे. मूळ फाइल्स आणि ध्वनिमुद्रणे विभागात जतन व्हावीत, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला आमचे पुसलेले घड्याळ सापडेल. आणि ज्या गावातून हे आले त्या गावाकडे एक संच परत जावा. यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत प्रबंधाच्या नमुना आराखड्यातली ‘छायाचित्रे: परिशिष्ट’ ही ओळ काढता येते. आणि तोवर मार्गदर्शकांनी एवढे तरी करावे: विद्यार्थी फोटो घेऊन आला की ‘हे कशाला?’ असे विचारण्याऐवजी ‘यावर लोक काय म्हणाले?’ असे विचारावे. उत्तर तयार नसेल तर त्याला पुन्हा गावात पाठवावे. तयार असेल तर तो फोटो प्रकरणात घ्यावा, त्यावर वाद घालावा, तो चुकीचा वाचला असेल तर तसे दाखवून द्यावे. लेखी पुराव्याला आपण एवढा मान देतो. लोकांनी पाहिलेल्या आणि स्वतः उलगडून सांगितलेल्या दृश्यालाही तो मिळाला पाहिजे.